केशोरीच्या ड्रायव्हरची जर्मन परीक्षा

परसराम भाऊंचं नाव आधी लिहितो, कारण ते नसते तर पुढचं काहीच लिहायला नसतं.

भाऊ आमच्या केशोरीचे. केशोरी ते अर्जुनी मोरगाव या रस्त्यावर त्यांची काळीपिवळी जीप चालते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. आईबाबांचं आयुष्य धानाच्या बांधीत आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्यात गेलं. बारावीपर्यंत मी अर्जुनीला जात होतो तेव्हा भाऊ रोज सकाळी मोडावर जीप थांबवून ठेवायचे. मी बांधीतून धावत येईपर्यंत आतले लोक कुरकुर करायचे आणि भाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून सांगायचे, "पोट्टा शिकून राहिला, बसा गुमान." पुढं नागपूरला नर्सिंगला निघालो तेव्हा गोंदिया स्टेशनापर्यंत तीच जीप आली. पदवी मिळाली तेव्हा पेढे वाटायला गावभर तीच जीप फिरली. आणि सुट्ट्यांमध्ये मला गाडी चालवायला शिकवलं तेही भाऊंनीच.

या शेवटच्या उपकारानंच पुढं सगळा घोळ झाला.

या उन्हाळ्यात मी जर्मनीहून सुटीवर गावी आलो, तर जो तो विचारतो, "तिथं कसं असते गा?" बर्फ, पाव आणि पगार यांबद्दल सांगून झालं की माणसं उठून जातात. रस्त्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि मला तर मुख्य त्रास रस्त्यानंच दिला. म्हणून हे लिहितो.

नदीकाठचं गाव

मी राहतो ते नदीकाठचं शहर आपल्या आमगावाएवढं असेल, पण आमगावात एका सकाळी जितकी माणसं रस्त्यावर दिसतात तितकी तिथं महिन्यात दिसत नाहीत. माझं काम घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्याचं. कोणाला इन्सुलिन द्यायचं, कोणाची जखम बांधायची, कोणाच्या पायात घट्ट मोजे चढवायचे. हे मोजे पायाच्या सुजेसाठी असतात आणि ते चढवताना चढवणारा आणि चढवून घेणारा दोघंही घामाघूम होतात.

सुरुवातीला मी बसनं फिरत होतो. पण करारात स्पष्ट लिहिलं होतं की नोकरी पक्की होण्याआधी तिथलं लायसन्स मिळवायचं, नाहीतर करार संपला. आपलं लायसन्स तिथं थोडेच महिने चालतं, आणि माझे ते महिने भाषेच्या वर्गात बसण्यात गेले होते. म्हणजे परीक्षा द्यायची, पास व्हायचं, नाहीतर पेटी बांधून केशोरीला परत. मी घाबरलो नाही. ज्यानं लाखोरीच्या पिकानं भरलेल्या रस्त्यावर, समोरून एसटी आणि बाजूनं बकऱ्या असताना जीप काढली, त्याला त्या रिकाम्या रस्त्यांचं काय भय?

पण आधी तिथल्या पायी माणसाबद्दल सांगायला हवं.

आपल्याकडे पायी माणूस रस्ता ओलांडताना गाडीकडे बघतो. गाडीवाला त्याच्याकडे बघतो. डोळ्यांतच बोलणं होतं: तू थांबतो का मी थांबू. हात थोडा वर केला की समजायचं, मी निघालो. तिथं पट्ट्यापट्ट्यांची जागा आली की माणूस मान सरळ ठेवून रस्त्यात पाऊल टाकतो. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. जणू गाड्या अजून निघालेल्याच नाहीत. मला हा सरळ अपमान वाटायचा. मी ब्रेक दाबून तुझ्यासाठी थांबलो, तर निदान एकदा बघ तरी.

आणि गाडीवाले त्याहून विचित्र. पहिल्याच आठवड्यात मी बेकरीसमोर उभा राहून पाव खात होतो. बसला वेळ होता. मी उभा होतो ती जागा नेमकी पट्ट्यांच्या तोंडाशी होती हे माझ्या लक्षात आलं नाही. एक गाडी आली आणि थांबली. आतल्या बाईनं हातानं खूण केली, जा. मला कुठंच जायचं नव्हतं. पण एवढी चांगली गाडी माझ्यासाठी थांबलेली, तिला नाही कसं म्हणायचं? मी मान झुकवून रस्ता ओलांडला. पलीकडे पोचलो, वळलो, तर दुसऱ्या बाजूनं एक म्हातारे गृहस्थ गाडी थांबवून हसत होते. मी पुन्हा मान झुकवली आणि परत आलो. तिकडे दुधाचा ट्रक थांबला. माझा पाव संपेपर्यंत मी पावसाळ्यातल्या बेडकासारखा इकडून तिकडे जात होतो, आणि बस माझ्या डोळ्यांसमोर, मी नेमका चुकीच्या बाजूला असताना, निघून गेली.

सायकलवाल्यांचं वेगळंच. फुटपाथवर त्यांची लाल पट्टी असते, त्यावर पायी चालायचं नाही. मी चालत होतो. मागून घंटी वाजली. केशोरीत मागून घंटी वाजली म्हणजे कोणीतरी ओळखीचं आहे. मी थांबलो, वळलो, हसून हात वर केला. त्या बाईनं मला चुकवण्यासाठी सायकल कुंपणात घातली. मी तिला उठवायला गेलो तर तिनं मला इतकं ऐकवलं की माझ्या भाषेच्या वर्गात शिकवलेले सगळी विशेषणं त्यात येऊन गेली.

बिर्गिट बाईंची गाडी

गाडी शिकवणाऱ्या बाईंचं नाव बिर्गिट. पूर्वी बस चालवायच्या. गाडीत त्यांच्या बाजूलाही ब्रेक असतो, आणि त्या ब्रेकवर त्यांचा पाय असा असायचा जसा मांजरीचा पंजा उंदराच्या बिळावर.

पहिल्या दिवशी मी गाडी सुरू केली, वळणावर हॉर्न दिला. पुढं एक ओळखीचे आजोबा कुत्रा घेऊन चालले होते, त्यांना नमस्कार म्हणून हॉर्न दिला. मग एका घराच्या फाटकाजवळ सावधगिरी म्हणून दिला.

"कोणी मरतंय का?" बिर्गिट बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग हॉर्न कशाला?"

मी सांगितलं की आमच्याकडे हॉर्न म्हणजे राग नाही, मी येतो आहे एवढाच निरोप. त्या म्हणाल्या, "तू येतो आहेस हे त्यांना दिसतं. गाडी लाल रंगाची आहे आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात शिकाऊ लिहिलं आहे."

दुसरा घोळ पानांचा. शरद ऋतू होता. रस्त्याच्या कडेला एका घरासमोर वाळलेल्या पानांची लांब पसरट रास घातलेली दिसली. माझ्या मनात काही विचारच आला नाही. हात आपोआप वळले. आमच्याकडे लाखोरी काढली की लोक रस्त्यावर पसरून ठेवतात. येणाऱ्या गाड्यांनी त्यावरून जावं, शेंगा फुटाव्या, दाणा मोकळा व्हावा. जो ड्रायव्हर बाजूनं गाडी काढतो त्याला शेतकरी कंजूस म्हणतो. मी दोन्ही चाकं राशीवर घातली आणि नीट, हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत मळून दिली. पानं अख्ख्या रस्त्यावर उडाली. बिर्गिट बाईंनी ब्रेक दाबला तोवर काम पूर्ण झालं होतं.

घरातून एक गृहस्थ लांब दाताळं घेऊन बाहेर आले. त्यांनी ती पानं सकाळपासून गोळा केली होती. मला वाटलं आता थँक्यू म्हणतील.

अर्धा तास आम्ही तिघं पानं गोळा करत होतो. बिर्गिट बाई वाकून पानं उचलता उचलता म्हणाल्या, "मी कितीतरी वर्षं शिकवते आहे. लोक चुकतात, मला समजतं. पण तू आरसा बघितलास, सिग्नल दिलास आणि मग पानांवर गेलास. अगदी नियमानं."

पहिली परीक्षा

परीक्षेत बिर्गिट बाई बाजूला बसतात आणि परीक्षक मागच्या सीटवर. परीक्षक उंच, काडीसारखे, गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकलेले. त्यांनी दिशा सांगायच्या, मी चालवायचं. हॉर्न नाही, पानं नाही. पट्टे आले, मी थांबलो. पायी माणूस माझ्याकडे न बघता गेला. मी मनातल्या मनात त्याला राम राम केला. उजवीकडून गाडी आली, तिला जाऊ दिलं. बिर्गिट बाईंचा पाय ब्रेकवर नव्हता, हे मला दिसत होतं.

आणि मग रस्त्याच्या कडेनं हिल्डे आजी दिसल्या.

हिल्डे आजी माझ्या. म्हणजे रोज सकाळी मी ज्यांच्या पायात मोजे चढवतो त्या. नव्वदीला टेकलेल्या, चाकाच्या आधारगाडीला धरून चालणाऱ्या, गाडीला दोन्हीकडे पिशव्या. रस्ता चढाचा. डोक्यावर बारीक पाऊस.

भाऊंनी मला गाडी शिकवताना क्लच कधी नीट समजावला नाही. पण एक गोष्ट अशी पक्की शिकवली की ती हाडात गेली. रस्त्यानं म्हातारं माणूस पायी जाताना दिसलं की गाडी थांबवायची, काच खाली करायची आणि विचारायचं, कुठं चालले जी, बसा. गाडीत जागा नसली तरी विचारायचं. बसणार नाहीत हे माहीत असलं तरी विचारायचं. विचारल्याशिवाय जो पुढं गेला त्याच्याबद्दल केशोरीत म्हणतात, गाडी आली अन् डोळे गेले.

मी आरसा पाहिला, सिग्नल दिला, गाडी कडेला घेतली, काच खाली केली.

"आजी, कुठं चालल्या? बसा."

बिर्गिट बाईंनी डोळे मिटले. मागून परीक्षक म्हणाले, "तुम्ही काय करता आहात?"

"आजींना विचारतो आहे."

आजींनी मात्र एका क्षणाचाही विचार केला नाही. मागचं दार उघडलं, परीक्षकांना म्हणाल्या, "सरका जरा," आणि बसल्या. मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "माझी आधारगाडी बाहेर भिजते आहे. ती घडी करून डिकीत ठेवा. खटका खाली आहे."

त्या माणसाचं बालपण चांगल्या घरात गेलं असणार. ते उतरले, पावसात वाकून खटका शोधला, आधारगाडी डिकीत ठेवली, दोन पिशव्या मांडीवर घेतल्या आणि मग ओला कागद हातात धरून म्हणाले, "इथं थांबायला मनाई आहे. परीक्षेत प्रवासी घ्यायला मनाई आहे. परीक्षा संपली. तुम्ही नापास."

"संपली ना?" आजी म्हणाल्या. "मग मला औषधाच्या दुकानापर्यंत सोडा."

बिर्गिट बाईंनी जागा बदलली आणि आम्ही सगळे औषधाच्या दुकानाला गेलो.  वाटेत आजींनी परीक्षकांना एक लिमलेटची गोळी दिली आणि त्यांनी ती खाल्ली.

केशोरी-अर्जुनी जीपमध्ये

तिथली संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे रात्र, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे उठून भाऊंना फोन केला. भाऊ जीप चालवताना फोन डॅशबोर्डवर ठेवून स्पीकर लावतात. त्यामुळे भाऊंशी बोलणं म्हणजे तेव्हा जीपमध्ये असलेल्या सगळ्यांशी बोलणं.

"काय झालं गा रुपेश? लायसन्स भेटला?"

"नाही भाऊ. नापास झालो."

 मग मागून एका बाईचा आवाज, "कोण नापास झाला वो?"

"आपला रुपेश. जर्मनीत."

"जर्मनीत बी नापास करतेत का?"

"काऊन नापास केला?" भाऊंचा आवाज बदलला होता. "गाडी ठोकली का कोणाले?"

"नाही. रस्त्यात एक म्हातारी दिसली. बसा म्हणालो."

"मंग?"

"म्हणून नापास."

इंजिनाचा आवाज कमी झाला. भाऊंनी जीप कडेला लावली असावी. "म्हातारीले बसा म्हणला म्हणून नापास? कायले? नाई बसवत त काय उडवून टाकत का तिले?" मग ते जीपमधल्यांना म्हणाले, "ऐकून राहिले का? अस्सा कायदा हाय तिकडं." सगळे एकदम बोलू लागले. कोणी म्हणालं, त्या साहेबाले फोन लावून द्या, मी बोलतो. कोणी म्हणालं, म्हातारी गोरी होती का? मागची बाई म्हणाली, "त्या म्हातारीनं साहेबाले काही म्हणलं नाई का?"

"म्हणाली ना. माझी चालायची गाडी डिकीत ठेवा म्हणाली."

यावर जीप इतकी हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. पण भाऊ हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "रुपेश, आता का होईन? नोकरी जाते का तुही?"

"अजून एकदा देता येईल. तेव्हा पास झालो तर राहते."

"मंग असं कर," भाऊ म्हणाले.    "म्हातारी दिसली त..." आणि थांबले. "टेन्शन नको घेऊ. पॅसेंजर खोळंबून राहिले, ठेवतो."

त्यांना सांगायचं होतं की म्हातारी दिसली तरी थांबू नको. ते त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं.

पुन्हा तीच चढण

दुसऱ्या परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात बिर्गिट बाईंनी मला एकच गोष्ट शिकवली: माणूस दिसलं की मान सरळ. त्या स्वतः फुटपाथवर उभ्या राहायच्या आणि मला गाडी घेऊन त्यांच्यासमोरून जायला लावायच्या. त्यांचा नवरा माझ्या बाजूला बसून ब्रेक सांभाळायचा. पहिल्या तीन वेळा मी थांबलो. चौथ्या वेळी थांबलो नाही, पण वाटेत काच खाली केली.

हिल्डे आजींनाही सगळं माहीत होतं. मोजे चढवताना मीच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "नापास झालास तर माझ्याकडे कोण येईल?"

"दुसरं कोणी."

"ती जाड मुलगी? ती मोजा उलटा घालते." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला.

परीक्षेला तेच परीक्षक. त्यांनी गाडीत बसण्याआधी मागची दोन्ही दारं आतून बंद होतात का, ते तपासून पाहिलं. आम्ही निघालो. बेकरी, पट्टे, पूल. सगळं ठीक. मग परीक्षक म्हणाले, "उजवीकडे." उजवीकडे म्हणजे तीच चढण.

चढणीच्या अर्ध्यावर आधारगाडी दिसली. दोन्हीकडे पिशव्या. माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठला.  मागं परीक्षकांनी दाराच्या खटक्यावर हात ठेवला.

मग मी नीट पाहिलं. आजी चालत नव्हत्या. त्या रस्त्याकडे पाठ करून, कुंपणाच्या झाडीत जवळजवळ नाक खुपसून उभ्या होत्या, लपाछपीत राज्य आलेल्या पोरासारख्या. आधारगाडी त्यांच्या मागं रस्त्याच्या कडेला तशीच, सगळ्या जगाला दिसेल अशी. डोकं तेवढं पानांत. त्यांनी तोंड लपवलं होतं, म्हणजे ओळख नाही, म्हणजे विचारायचं कारण नाही.

मी दुसरा गिअर टाकला आणि पुढं गेलो. काच वर होती. खूप वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी हसू आवरत नव्हतं, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं. परीक्षकांनी आरशातून विचारलं, "आपल्याला दिसतंय ना नीट?"

"दिसतंय," मी म्हणालो.

परत आल्यावर ते उतरले, माझ्याशी हात मिळवला आणि कागद दिला. पास.

त्यानंतर मी भाऊंना फोन केला नाही, पत्र लिहिलं. यावेळी गावी आलो तेव्हा ते पत्र मला जीपच्या डॅशबोर्डवर, देवाच्या फोटोमागं खोचलेलं सापडलं. तेलाचे डाग पडलेलं. भाऊंनी ते एका कॉलेजच्या मुलीकडून केशोरी ते अर्जुनी मोठ्यानं वाचून घेतलं होतं, आणि मग परतीच्या फेरीत पुन्हा. ते असं:

ती. परसराम भाऊ,

सा. नमस्कार.

लायसन्स मिळालं. नोकरी राहिली. आईला आणि बाबांना तुम्हीच जाऊन सांगा, त्यांना तुमच्याकडून ऐकायला आवडेल.

फोन न करता लिहितो, कारण फोन केला की सगळी जीप ऐकते, आणि ही गोष्ट तुम्ही आधी एकट्यानं ऐकावी असं वाटतं. भाऊ, परीक्षेच्या दिवशी आजी पुन्हा रस्त्यात दिसल्या आणि मी विचारल्याशिवाय पुढं गेलो. त्यांनी मुद्दाम तोंड फिरवलं होतं, तरी मी ओळखलं होतं. तुम्ही असता तर थांबला असता. मला तेव्हापासून चैन नव्हती.

आज पहिल्यांदा एकट्यानं गाडी घेऊन कामाला गेलो. पहिलं घर त्यांचंच. मोजा चढवता चढवता मी विचारलं, काल झाडीत काय बघत होत्या? म्हणाल्या, पक्षी. मी म्हणालो, पक्षी नव्हता. म्हणाल्या, माझे डोळे अधू आहेत, मला काय माहीत. मग म्हणाल्या, लाल गाडी दिसली तशी तोंड फिरवलं, पण तू गेलास की नाही ते कळत नव्हतं, आणि वळून बघायची भीती, म्हणून तशीच उभी राहिले.

भाऊ, त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या. तेवढ्यात मागून एक गाडी आली आणि थांबली. मी इथं आल्यापासून कोणी पायी माणसाला विचारायला गाडी थांबवलेली कधी पाहिली नाही. आत एक अनोळखी बाई होती. तिनं काच खाली करून विचारलं, आजी, बरं वाटत नाही का? कुठं सोडू?

आजींनी झाडीतूनच तिला सांगितलं, "मला काही झालं नाही, मी परीक्षा देते आहे."

तिनं विचारलं, "कसली?"

आजी म्हणाल्या, "माझ्या ड्रायव्हरची."

तुमचा,
रुपेश